विमान कंपनीतला वाद कसा वाचावा: बातमीमागचा सरकारी निर्णय शोधण्याची पद्धत

विमानसेवा कोलमडल्याची बातमी आपल्याकडे बहुधा एकाच साच्यात येते. अमुक इतकी उड्डाणे रद्द, हजारो प्रवासी अडकले, वैमानिक किंवा केबिन क्रू एकाच वेळी आजारी, आणि मंत्रालयाने कंपनीकडून अहवाल मागवला. वाचणाऱ्याला वाटते की काल रात्री काहीतरी बिनसले आणि आज सकाळी त्याचा स्फोट झाला. प्रत्यक्षात भारतातील विमान कंपन्यांमधील बहुतेक मोठ्या वादांच्या मुळाशी एखादा सरकारी निर्णय सापडतो आणि तो अनेकदा काही महिने, कधी कधी तर पाच वर्षे जुना असतो. तो निर्णय हाती लागला की कोण कशासाठी भांडत आहे, वाद किती लांबेल आणि त्यात आपल्या तिकिटाचे काय होईल, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. हवाई क्षेत्रात नोकरी शोधणारे तरुण, त्यांचे पालक, या कंपन्यांचे समभाग घेणारे छोटे गुंतवणूकदार आणि नेहमी विमानाने जाणारे प्रवासी यांना हा निर्णय स्वतः शोधता यावा, यासाठी ही मांडणी आहे.

आधी घटनेचा प्रकार ठरवा

बातमीत ‘संप’ हा शब्द दिसला तरी तो लगेच मान्य करू नये. संप, सामूहिक रजा, मनुष्यबळाचा तुटवडा आणि कंपनीची आर्थिक दिवाळखोरी या चार वेगवेगळ्या घटना आहेत. विमानतळावरच्या फलकावर त्या चारही सारख्याच दिसत असल्या, तरी कायद्यात त्यांचे परिणाम निराळे होतात.

संपाची व्याख्या कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंत औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ लागू होता आणि त्यात हवाई वाहतूक ही मुळातच सार्वजनिक उपयोगिता सेवा मानलेली असल्याने चौदा दिवसांची आगाऊ सूचना दिल्याशिवाय संप करता येत नसे. त्या तारखेपासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली. तिने चौदा दिवसांच्या सूचनेची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना लावली आणि सामोपचाराची कार्यवाही चालू असताना, तसेच ती संपल्यानंतर सात दिवसांपर्यंत, संपाला बंदी घातली. एखाद्या दिवशी निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तोही संपच, असेही या संहितेत म्हटले आहे.

या तरतुदी एकत्र वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. हवाई वाहतुकीसाठी केंद्र सरकार हेच समुचित शासन, म्हणजे असे वाद हाताळणारे सरकार, असल्यामुळे संपाची सूचना केंद्रीय श्रम यंत्रणेकडे जाते, दोन्ही बाजूंत समेट घडवणारा सामोपचार अधिकारी पहिली बैठक बोलावतो आणि ती बैठक होताच कायदेशीर संपाची वाट बंद होते. म्हणूनच कर्मचारी आजारपणाची रजा टाकतात. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी हेच केले होते. संघटना उभारण्यात पुढाकार घेणाऱ्या सहकाऱ्यांना काढून टाकल्याचा निषेध म्हणून शेकडो वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले आणि काही दिवस कंपनीची सेवा विस्कळीत झाली. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने हाच मार्ग धरला. नव्या संहितेत उल्लेख नैमित्तिक रजेचा आहे, आजारपणाच्या रजेचा नाही, त्यामुळे पुढचा मोठा वाद न्यायालयात गेला तर या फरकावर बराच खल होईल असे दिसते.

वाद कोणाचा आहे तेही पाहावे. ‘कामगार’ या व्याख्येत केबिन क्रू किंवा लोडर सहज बसतात, मात्र विमानाचा कमांडर, म्हणजे मुख्य वैमानिक, हा कामगार की व्यवस्थापनाचा भाग, हा प्रश्न न्यायालयांपुढे वेळोवेळी आला आहे. कंपन्या वैमानिकांना अधिकारी ठरवण्याचा आग्रह धरतात, कारण तसे ठरले की कामगार कायद्याचे संरक्षण उरत नाही.

नियमावर दोन तारखा असतात, त्या दोन्ही शोधा

कोणत्याही नियमाची एक तारीख तो जाहीर झाल्याची असते आणि दुसरी तो लागू होण्याची. या दोन तारखांच्या मधल्या काळात काय घडले, हे तपासणे ही या पद्धतीतील सर्वांत उपयुक्त पायरी आहे आणि डिसेंबर २०२५ मधील इंडिगोचा गोंधळ हे तिचे उत्तम उदाहरण आहे.

त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे रोज शेकड्याने रद्द होऊ लागली आणि ५ डिसेंबरला एका दिवसातील रद्द उड्डाणांचा आकडा हजाराच्या वर गेला. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी याच कंपनीने जात असल्यामुळे मुंबई, पुणे, दिल्ली, बेंगळुरू या विमानतळांवर अभूतपूर्व गर्दी झाली. मात्र कोणत्याही वैमानिक संघटनेने संप पुकारलेला नव्हता. अडचण होती ती वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांविषयीच्या नव्या नियमांची.

हे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. ते १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते, पण कंपन्यांनी अधिक वैमानिक लागतील असे सांगत मुदत मागितली आणि अंमलबजावणी लांबणीवर पडली. वैमानिक संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि तेथील कार्यवाहीनंतर नियम दोन टप्प्यांत लागू करण्याचे ठरले, पहिला टप्पा १ जुलै २०२५ पासून आणि दुसरा १ नोव्हेंबर २०२५ पासून. नियम जाहीर होणे आणि सेवा कोलमडणे यांत जवळजवळ तेवीस महिन्यांचे अंतर होते.

नियमांत नेमके काय बदलले, ते एका रोस्टरच्या, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाच्या, आधाराने पाहावे. साप्ताहिक विश्रांती सलग ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. ‘रात्र’ पूर्वी मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत धरली जात असे, ती आता सहापर्यंत झाली. रात्रीच्या या कालावधीला स्पर्श करणाऱ्या ड्युटीत लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली आणि प्रत्यक्ष उड्डाणाचे तास आठपर्यंत, तर एकूण ड्युटी दहा तासांपर्यंत मर्यादित झाली. आता मुंबईहून सकाळी सव्वासहाला नागपूरला निघणारे एक विमान डोळ्यांसमोर आणा. वैमानिकाला सुमारे तासभर आधी, म्हणजे सव्वापाचच्या आसपास, हजेरी लावावी लागते. जुन्या व्याख्येनुसार ही दिवसाची ड्युटी होती, त्यामुळे तोच वैमानिक नागपूर, परत मुंबई, मग गोवा आणि पुन्हा मुंबई असे चार टप्पे करून दुपारी घरी जाऊ शकत असे. नव्या व्याख्येनुसार हीच ड्युटी रात्रीला स्पर्श करते आणि नागपूरहून मुंबईला परतताच त्याची दोन लँडिंग पूर्ण होतात. पुढच्या गोवा फेरीसाठी दुसरा वैमानिक आणि दुसरा सहवैमानिक लागतो. पहाटेच्या आणि रात्री उशिराच्या फेऱ्यांवर ज्या कंपनीचे सारे गणित उभे आहे, तिला या एका ओळीने किती माणसे कमी पडतील हे कागदावर आधीच मांडता येण्यासारखे होते.

पुढे जे झाले ते धोरणाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. ५ डिसेंबरलाच सरकारने इंडिगोला रात्रीच्या ड्युटीविषयीच्या काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली, तसेच साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा मोजू नये ही सूचनाही मागे घेतली. दुसऱ्या दिवशी भाड्यांवर कमाल मर्यादा आली, ती पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि पुढे अंतरानुसार वाढत जाऊन १,५०० किलोमीटरपलीकडे १८,००० रुपये अशी होती. प्रवाशांची तातडी लक्षात घेता सरकारला काहीतरी करणे भाग होते, हे खरे. तरीही ज्या कंपन्यांनी वेळेत वैमानिक भरती करून खर्च सोसला त्यांना काही मिळाले नाही आणि जिने तयारी केली नाही तिला सवलत मिळाली, हा संदेश चुकीचाच गेला. सुरक्षिततेचा नियम गर्दीच्या दबावाखाली शिथिल होऊ शकतो, हे एकदा दिसले की पुढच्या नियमाच्या वेळी तयारी करण्याची घाई कोण करील?

म्हणून वादाची बातमी वाचताना डीजीसीएच्या संकेतस्थळावर जाऊन संबंधित ‘नागरी विमान वाहतूक आवश्यकता’ काढावी. इंग्रजीत तिला सीएआर म्हणतात आणि वैमानिकांच्या तोंडी हाच शब्द असतो. त्यावरच्या दोन्ही तारखा लिहून घ्याव्यात, मधल्या मुदतवाढी पाहाव्यात आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले असल्यास तेथील आदेश वाचावेत. मुदतवाढ जितक्या वेळा मिळालेली असेल, तितका शेवटी येणारा धक्का मोठा असतो.

विलीनीकरण झाले असेल तर ज्येष्ठतेची यादी पाहा

दोन विमान कंपन्या एकत्र येतात तेव्हा वर्तमानपत्रांत विमानांची संख्या, मार्ग आणि नवे बोधचिन्ह यांची चर्चा होते. आतल्या माणसांना मात्र एकाच कागदाची काळजी असते आणि तो म्हणजे ज्येष्ठतेची एकत्रित यादी. सहवैमानिकाचा कमांडर कधी होणार, मोठ्या विमानाचे प्रशिक्षण कोणाला मिळणार, हे त्या यादीतल्या क्रमांकावर ठरते आणि कमांडर होण्यास चार वर्षे उशीर झाला तर त्याचा फटका निवृत्तीपर्यंत बसतो.

सरकारने २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. एक आंतरराष्ट्रीय मार्गांवर मोठी विमाने उडवणारी, दुसरी देशांतर्गत मार्गांवर लहान विमाने उडवणारी, दोघींच्या वेतनरचना, भत्ते आणि बढतीचे नियम पूर्णपणे वेगळे. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणापासून पन्नासहून अधिक वर्षे त्या स्वतंत्र संस्कृतींत वाढलेल्या होत्या. कंपनी कागदावर एक झाली, पण कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती एक करण्याचे काम मागे राहिले आणि एकाच बोधचिन्हाखाली दोन वैमानिक संघटना आपापल्या अटी सांभाळत बसल्या.

एप्रिल २०११ च्या अखेरीस पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनसमानतेसाठी दहा दिवस संप केला. त्यानंतर न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीकडे एकत्रीकरणाचा विषय सोपवण्यात आला आणि समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. तोवर नवे बोइंग ७८७ ड्रीमलायनर विमान ताफ्यात येण्याची वेळ झाली होती. त्याचे प्रशिक्षण दोन्ही बाजूंच्या वैमानिकांना द्यायचे ठरताच मे २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी, म्हणजे इंडियन पायलट्स गिल्डच्या सदस्यांनी, आजारी असल्याचे कळवून काम थांबवले. दिल्ली उच्च न्यायालयाने हा संप बेकायदा ठरवून मनाई केली, व्यवस्थापनाने सुमारे शंभर वैमानिकांना बडतर्फ केले, संघटनेची मान्यता काढली आणि तरीही संप ५८ दिवस चालून जुलैच्या सुरुवातीला मिटला. लांब पल्ल्याच्या अनेक सेवा त्या काळात बंद होत्या.

या प्रकरणात वैमानिकांची बाजू संपूर्ण न्याय्य होती असे मला वाटत नाही. आपल्याच कंपनीतील दुसऱ्या गटाला नव्या विमानाचे प्रशिक्षण मिळू नये, ही मागणी सर्वसामान्य करदात्याला पटण्यासारखी नव्हती आणि तीही करदात्यांच्या पैशावर तगून असलेल्या कंपनीत. पण हा संप केवळ हट्टापायी झाला असे म्हणणेही अपुरे ठरेल. पाच वर्षांपूर्वी विलीनीकरण करताना ज्येष्ठतेचा प्रश्न सोडवण्याऐवजी पुढे ढकलला गेला, त्याचा हिशेब २०१२ मध्ये चुकता झाला.

हीच रचना खासगीकरणानंतरही दिसली. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे गेली. व्यवहार १८,००० कोटी रुपयांचा होता, त्यांपैकी २,७०० कोटी रोख आणि उरलेले कर्जाच्या रूपाने, आणि पहिले वर्षभर कर्मचारी कपात करायची नाही ही अट सरकारने घातली होती. समूहाकडे आता चार विमान कंपन्या झाल्या आणि त्यांच्या दोन करण्याचे काम सुरू झाले. त्यात समूहाच्याच ‘विस्तारा’ या कंपनीच्या वैमानिकांना नवे करार देण्यात आले आणि हमीच्या उड्डाणतासांची संख्या ७० वरून ४० वर आली. बाहेरच्याला हा तपशील किरकोळ वाटेल. वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग या हमीच्या तासांवर मोजला जातो, उड्डाण कमी मिळाले तरी तेवढे पैसे नक्की मिळतात. तास कमी झाले म्हणजे घराचा हप्ता ज्या रकमेवर बेतलेला होता ती रक्कमच अनिश्चित झाली. मार्चअखेर आणि एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराची उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाली आणि कंपनीला रोजच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात एअर इंडिया एक्सप्रेसचा केबिन क्रू आजारी पडला. व्यवस्थापनाने पंचवीस जणांना काढले, मग दिल्लीत मुख्य श्रम आयुक्तांसमोर बैठक होऊन त्यांना परत घेतले गेले आणि कर्मचारी कामावर आले. हा वाद त्यापूर्वीच केंद्रीय श्रम यंत्रणेपुढे गेलेला होता, फक्त त्याची बातमी झालेली नव्हती.

विलीनीकरणाची घोषणा झाल्यापासून एकत्रित यादी आणि नवे करार हाती येईपर्यंतचा काळ हाच धोक्याचा काळ, असे समजून चालावे. त्या काळात लग्नासाठी किंवा परदेशी शिक्षणासाठी तिकीट काढणार असाल, तर पुढच्या जोडविमानासाठी एरवीपेक्षा अधिक वेळ राखून ठेवावा.

कंपनी मुळात कोणत्या धोरणावर उभी राहिली, हे तपासा

काही कंपन्यांची पडझड कामगार वादात संपते, पण तिची सुरुवात परवान्याच्या अटींत झालेली असते. किंगफिशर २००५ मध्ये सुरू झाली. त्या वेळी परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षे देशांतर्गत सेवा आणि वीस विमाने असली पाहिजेत असा नियम होता. किंगफिशरने पाच वर्षे पूर्ण करण्याऐवजी २००७ मध्ये तोट्यातील एअर डेक्कनमध्ये मोठा हिस्सा घेतला, तिचा जुना परवाना उपयोगी पडला आणि सप्टेंबर २००८ मध्ये बेंगळुरू ते लंडन सेवा सुरू झाली, नेमकी जागतिक मंदीच्या तोंडावर. परदेशी विमान कंपन्यांना भारतीय कंपनीत ४९ टक्के गुंतवणुकीची परवानगी सप्टेंबर २०१२ मध्ये मिळाली, तेव्हा फार उशीर झाला होता. अनेक महिने पगार न मिळालेल्या अभियंत्यांनी काम थांबवले, ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवशी कंपनीने टाळेबंदी केली आणि त्याच महिन्यात तिचा परवाना निलंबित झाला. पाच वर्षांची ती अट २०१६ च्या राष्ट्रीय धोरणात रद्द झाली.

इंधनाचा कर ही दुसरी बाब. विमानाचे इंधन वस्तू आणि सेवा कराच्या बाहेर आहे आणि प्रत्येक राज्य त्यावर आपापला मूल्यवर्धित कर लावते. इंधन हा कंपनीच्या खर्चातील सर्वांत मोठा भाग असल्यामुळे महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा कर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तेव्हा त्याचा परिणाम थेट ताळेबंदावर होणार होता. कर, विमानांचा भाडेपट्टा आणि विमानतळाचे शुल्क हे कंपनीच्या हातात नसते. ते वाढले की कात्री लागते ती मनुष्यबळाला. लहान शहरांना अनुदानाच्या आधारे विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतील मार्गही याच दृष्टीने पाहावेत. २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या पहिल्या सेवांमध्ये नांदेड-हैदराबाद होती, पण अनुदानाची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि ती संपल्यावर तो मार्ग स्वतःच्या बळावर टिकतो की नाही, हे लहान शहरात नोकरी घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

पगार थांबल्याची चिन्हे आणि त्यानंतरचा क्रम

हा भाग विशेषतः नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले आणि पाच वर्षांहून अधिक काळ दिवाळखोरी प्रक्रियेत घालवल्यावर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये स्वतःहूनच दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा विमाने भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्यांना आपली विमाने परत घेता येईनात, कारण दिवाळखोरी कायद्यातील स्थगिती, म्हणजे प्रक्रिया चालू असताना कंपनीकडची मालमत्ता परत घेण्यास असलेली मनाई, आड आली. त्यातून विमानांना या स्थगितीतून वगळणारी ऑक्टोबर २०२३ ची अधिसूचना आली आणि पुढे २०२५ मध्ये विमानांतील हितसंबंधांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. भाडेपट्टा स्वस्त राहावा म्हणून हे बदल आवश्यक होते, यात शंका नाही. पण त्यांचा दुसरा अर्थ असा की यापुढे अडचणीतल्या कंपनीची विमाने लवकर निघून जातील आणि पुनरुज्जीवनाच्या आशेवर थांबलेल्या कर्मचाऱ्याजवळचा वेळ आणखी कमी होईल. भविष्य निर्वाह निधीचा भरणा खात्यात दर महिन्याला जमा होतो का, हे स्वतः पाहत राहावे. पगाराच्या आधी बहुधा तोच थकतो.

नोकरी सोडतानाही सरकारी नियम आडवा येतो. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कमांडरला एक वर्ष आणि सहवैमानिकाला सहा महिने आधी सूचना द्यावी लागते. इतका लांब नोटीस कालावधी फार थोड्या व्यवसायांत सापडेल. वैमानिक संघटनांनी त्याला विरोध केला, तर २०२३ मध्ये आकासा एअरने सूचना न देता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावे केले. कंपनीला सेवा अखंड ठेवायची असते हे समजण्यासारखे आहे, पण पगार थकवणाऱ्या मालकाकडेही वैमानिकाने वर्षभर थांबावे, अशी अपेक्षा मात्र धरता येणार नाही.

कायद्याबाहेरचा दबावही हिशेबात घ्यावा लागतो. ऑक्टोबर २००८ मध्ये जेटने सुमारे १,९०० जणांना कमी करण्याचा निर्णय घेतला. मुंबईत कर्मचारी गणवेशातच रस्त्यावर उतरले, राज ठाकरे यांच्याकडे गेले, त्यांनी कंपनीची विमाने मुंबईतून उडू देणार नाही असा इशारा दिला आणि दिल्लीतूनही नाराजीचे सूर उमटले. दुसऱ्याच रात्री जेटचे प्रमुख नरेश गोयल यांनी निर्णय मागे घेतला. कोणत्याही न्यायाधिकरणाने इतक्या लवकर दाद दिली नसती, पण त्यामुळे कंपनीचा तोटाही भरून निघाला नाही.

प्रवाशाने काय करावे

उड्डाण रद्द झाले की कंपनीकडून कारण लेखी मागावे, कारण भरपाई त्या कारणावर ठरते. डीजीसीएच्या नियमानुसार पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास उड्डाणकाळ एक तासापर्यंत असल्यास ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून अधिक असल्यास १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई मिळते. मात्र कंपनीच्या नियंत्रणाबाहेरच्या परिस्थितींची जी यादी नियमात आहे, तीत सरकारी आदेश आणि संप वा कामगार वाद हे दोन्ही समाविष्ट आहेत. म्हणजे गोंधळ संपामुळे झाला असे ठरले तर भरपाई जाते, मनुष्यबळाच्या नियोजनातील चुकीमुळे झाला असे ठरले तर दावा उभा राहतो. सुरुवातीला घटनेचा प्रकार ठरवा असे म्हटले, त्याचे रोख उत्तर येथे रुपयांत मिळते. तेवीस महिने आधी जाहीर झालेला नियम ही ‘नियंत्रणाबाहेरची परिस्थिती’ होते का, हा युक्तिवाद प्रवाशाने जरूर करावा.

भरपाई नाकारली तरी परतावा किंवा पर्यायी उड्डाण यांवरचा हक्क संपावेळीही कायम राहतो. तिकीट एजंटमार्फत काढले असेल तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच असते. विमानतळावर थांबावे लागले तर उशिराच्या तासांनुसार जेवण-अल्पोपाहार देणे कंपनीला बंधनकारक आहे. बोर्डिंग पास, संदेश आणि हॉटेल-टॅक्सीच्या पावत्या जपून ठेवाव्यात, प्रथम कंपनीच्या नोडल (तक्रार निवारण) अधिकाऱ्याकडे आणि मग सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करावी आणि तेथे समाधान न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रारीत नियमाचे नाव, त्याच्या दोन्ही तारखा आणि त्या दिवशी कोणत्याही संघटनेने संपाची सूचना दिलेली नव्हती ही बाब स्पष्टपणे लिहावी.